बंडीतले चार किलो

मित्रांनो, मी मिरची तोलणारा एक जुना लोखंडी काटा आहे. नंदुरबारला नवनीतशेठांचा मिरचीचा गाळा आहे, त्याच्या मागच्या पडवीत मी उभा असतो. मला चार चाके आहेत. एक गंजून बसले आहे, त्यामुळे बाकीच्या तिन्हींचाही उपयोग नाही.

एके काळी माझा थाट होता. दरवर्षी सरकारी माणूस येऊन माझ्यावर शिक्का मारायचा. आदल्या दिवशी मला पुसून, तेल देऊन नवरदेवासारखे उभे करत. चाळीस हंगाम मी लाल मिरची तोलली आणि तोलता तोलता माणसे ओळखायला शिकलो. माल विकणारा हळूच फळीवर पाय टेकवतो, घेणारा दांडीला बोट लावतो. तेव्हा दोघेही छताकडे बघत असतात.

पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेत, देठ खुडायला फुलीबाई येते. मजुरी किलोवर. संध्याकाळी तिची टोपली माझ्यावर चढली की शेठ म्हणत, "कडता एक किलो." म्हणजे टोपलीचे वजन म्हणून एक किलो वजा. टोपली होती अर्ध्या किलोची. हे मला ठाऊक होते, फुलीबाईला ठाऊक होते आणि शेठना सगळ्यात जास्त ठाऊक होते.

मग पुढच्या दारी आकडे चमकवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आला. मी मागे गेलो. माझ्या फळीवर गोधड्या वाळू लागल्या आणि एक मांजर रोज दुपारी माझ्यावर झोपू लागले. तीन किलो आठशे ग्रॅम. कोणी विचारले नाही, पण मी तोलत होतो.

मिरचीच्या गाळ्यात सगळेच खोकतात. त्याला आम्ही ठसका म्हणतो आणि कोणी मनावर घेत नाही. शेठ दोन हंगाम खोकले. ज्येष्ठात गाळा रिकामा असतो, तेव्हाही खोकले. त्यांच्या बायकोने, दगूबाईंनी, एकदा विचारले, "मिरची एक दाणा नही गाळामा, मंग हाऊ ठसका कसाना?"

"भितडामा मुरेल शे ती," शेठ भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले.

त्यांचा रुमाल लाल होता. त्यावर रक्त आहे, हे दिसायलाही उशीर झाला.

सुरतेच्या दवाखान्यात फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. आपण आयुष्यात बिडीला हात लावला नाही, असे शेठ भेटेल त्याला सांगत. जणू चूक लक्षात आली की कोणीतरी यादीतून त्यांचे नाव खोडणार होते. दर तीन आठवड्यांनी रेल्वेने सुरत, सलाईनमधून औषध, परत. डॉक्टरांनी सांगितले, औषध वजनाच्या हिशोबाने द्यायचे असते, तेव्हा दर आठवड्याला घरी एकाच काट्यावर वजन करा आणि लिहून आणा. पुढचा काटा गिऱ्हाइकांसमोर होता. शेठना गिऱ्हाइकांसमोर तोलून घ्यायचे नव्हते. माझ्यावरच्या गोधड्या निघाल्या.

पहिल्या दिवशी भरले अठ्ठावन्न. दगूबाईंनी वहीत लिहिले. मग सत्तावन्न. मग पुन्हा सत्तावन्न. आणि मित्रांनो, इथे मला बोलायलाच हवे.

परतीच्या गाडीत कोणा प्रवाशाने शेठना सांगितले होते, वजन उतरले की डॉक्टर औषध बंद करतात, घरी पाठवतात. ते शेठच्या मनात बसले. त्यांनी जुन्या तागडीची दोन-दोन किलोची दोन मापे काढली आणि बंडीच्या आतल्या खिशांत घातली. ती बंडी घालून ते माझ्यावर उभे राहत. तीच घालून सुरतेला जात. म्हाताऱ्या माणसाची बंडी कोण उतरवते? आणि माझ्यावर उभे असताना ते छताकडे बघत.

मी दांडी हलवून पाहिली. पण काट्याने दांडी हलवली, तर लोक काट्यालाच दोष देतात.

सत्तावन्न किलोचे औषध त्रेपन्न किलोच्या अंगात जात होते. शेठच्या तोंडात फोड आले. दूधसुद्धा झोंबायचे. पायऱ्या चढताना दोनदा बसावे लागे. पोटात काही जात नव्हते, म्हणून वजन चढत नव्हते, आणि बंडी अंगावरून उतरत नव्हती.

पुढच्या सुरतेच्या आदल्या सकाळी ते माझ्यावरून उतरताना गुडघ्यात वाकले. पडवीत फुलीबाई टोपल्या रचत होती. तिने धावत जाऊन त्यांना काखेत हात घालून उचलले आणि तशीच थांबली. आयुष्यभर टोपल्या उचललेले हात ते.

"शेठ, नुसता हाडका ऱ्हायनात. मंग इतला जड कसा?"

"सोड."

तिने सोडले नाही. त्यांना पोत्यावर बसवले, बंडीत हात घातला आणि एकेक माप काढून माझ्या फळीवर ठेवले. चार किलो. बरोबर चार.

"आम्हना मालमाईन कडता काढेत," ती म्हणाली, "आन सोतामा भरी ऱ्हायनात?"

शेठ हसायला गेले आणि खोकले. बराच वेळ खोकले. मग हळू आवाजात म्हणाले, "फुली, घरमा तिले सांगू नको. सुरतवाला औषध बंद करतीन."

"मी नही सांगाव. वही त्यासनी शे, त्याच लिखतीन." तिने आत हाक मारली, "दगूमाय, वही लई या. शेठ परत उभा ऱ्हातस."

दगूबाई आल्या. त्यांनी मापे पाहिली, बंडी पाहिली, आणि नवऱ्याचा हात धरून त्याला माझ्यावर उभे केले. त्रेपन्न. शेठनी या वेळी दांडीकडे पाहिले. दगूबाईंनी त्रेपन्न लिहिले, मागचे आकडे खोडले नाहीत.

डॉक्टरांनी औषध बंद केले नाही. आठवडाभर थांबले, नव्याने मोजून कमी दिले, फोडांवर औषध लिहिले आणि पातळ खिचडी थोडी थोडी, सहा वेळा खायला सांगितली. त्यानंतरचे आकडे साडेबावन्न, बावन्न, त्रेपन्न. मी आनंदाची बातमी देत नाही. गाठ किती लहान झाली, ते माझ्या दांडीवर दिसत नाही. शेठ थकलेले असतात, दगूबाई त्यांच्याहून थकलेल्या. रोजची खिचडी उकळते, आणि आठवड्यातून एकदा एक माणूस रिकाम्या खिशांनी माझ्यावर उभा राहतो.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला वर्षातून एकदा तेल द्या. खोकला महिनाभर थांबला नाही, तर तो मिरचीच्या माथी मारू नका. आणि आजारी माणूस काट्यावर हसतमुखाने उभा राहिला, तरी त्याची बंडी काढून ठेवा. भीती फार जड असते, ती तो खिशात घेऊन फिरतो.

परवा पुढच्या काट्याची वीज गेली, म्हणून फुलीबाईची टोपली माझ्यावर आली. शेठ खुर्चीवर बसून होते. सवयीने ती म्हणाली, "कडता एक किलो."

"अर्धा," शेठ म्हणाले.

त्यात दया नव्हती. टोपलीचे वजन तेवढेच आहे.