चित्रकाराची उसनी दुर्बीण

आस्गरचे आजोबा समुद्राचे चित्रकार. डेन्मार्कच्या उत्तर टोकावरच्या कोळीवाड्यात त्यांनी हयात घालवली. त्यांची पितळी दुर्बीण घरात चित्रांपेक्षाही जपली जायची. ती त्यांनी कोपनहेगनहून मुद्दाम आणली, असं आजी सांगायची. आजी गेल्यावर दुर्बीण आस्गरकडे आली. पुसता पुसता झाकणाच्या आतल्या बाजूला त्याला खिळ्याने कोरलेलं नाव दिसलं : थोरकिल्ड.

गावात थोरकिल्ड एकच. म्हातारा कोळी, सत्त्याऐंशीचा. आजोबांनी त्याची वस्तू लाटली होती की काय? तसाच उठून तो बंदराजवळच्या थोरकिल्डच्या पिवळ्या घरापाशी गेला. म्हातारा बाहेर बाकावर ऊन खात बसला होता.

"काका, ही तुमची ना?"

म्हाताऱ्याने नावावरून अंगठा फिरवला. "बापाने दिली होती मला."

"आजोबांनी परत करायला हवी होती. मी माफी..."

"माफी कसली, वेड्या! मीच दिली त्यांना. एकदा मला विचारतात, 'ती होडी कुणाची?' होडी कुठली, वाळूचा दांडा होता तो! तेव्हाच ओळखलं, गड्याची नजर अधू झाली. माझा हात धरून म्हणाले, कुणाला बोलू नकोस. शेवटची दहा वर्षं शिडं, लाटा, सगळं यातून बघून काढलंय त्यांनी."

आस्गर त्याच्याशेजारी बाकावर बसला. याच दहा वर्षांतल्या चित्रांपुढे लोक सर्वांत जास्त वेळ उभे राहायचे. म्हातारपणी समुद्र यांच्या अगदी जवळ आला, म्हणायचे.

"आजीला ठाऊक होतं?"

"कोपनहेगनची थाप तिचीच तर! भारी पक्की बाई."

"आणि तुम्ही चाळीस वर्षं गप्प राहिलात?"

"शब्द दिला होता. आता ते नाहीत, तीही नाही. तुला नाही सांगायचं तर कुणाला?"

आस्गरला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. त्याने दुर्बीण म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली. "आता तुमच्याकडेच राहू दे."

म्हाताऱ्याने आढेवेढे घेतले नाहीत. कुंपणावर टेकवून त्याने ती समुद्राकडे वळवली आणि एकदम ओरडला, "अरे, सील! दांड्यावर पसरलेत आळशी लेकाचे. आणि एक पिल्लू!"

"बघू, मला द्या."

"थांब रे, किती घाई!"

म्हाताऱ्याच्या सुनेने कॉफी आणून ठेवली, ती निवूनही गेली. आस्गरने पुन्हा काही मागितलं नाही. उन्हाने तापलेल्या भिंतीला पाठ टेकून तो ऐकत राहिला : पिल्लू पाण्यात उतरलं, पिल्लू परत आलं.