पारोशी

"अगं, तीन आठवडे पारोशी आहे ती. परकी बाई बघायला येणार, निदान दोन थेंब पाणी तरी लावू दे."

"आई, पाणी लांब ठेव," देवश्री म्हणाली. आवाज नको तितका चढला. आईने तांब्या खाली ठेवला आणि देव्हाऱ्याकडे पाठ करून बसली.

साडेनऊ वाजले होते. दहाला चर्चने पाठवलेली, जुन्या वस्तूंची डागडुजी करणारी बाई येणार होती. देवश्रीच्या तळहातावर वीतभर लांबीची हस्तिदंताची पट्टी होती. पट्टीत कोरलेली, पोर कडेवर घेतलेली मेरी. सातशे वर्षांपूर्वीचं काम, असं पत्रात होतं. मेरीच्या खांद्यापासून पावलापर्यंत केसाएवढी चीर गेली होती. चेहरा तर चघळून टाकलेल्या खडीसाखरेसारखा झाला होता. डोळे कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं.

बाबांना जाऊन अडीच महिने झाले होते. श्यामकांत बिडकर जर्मनीत, बॉनजवळच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं पंप तपासत होते. पंप कुठे झिरपतो हे ते नुसतं बोटाने चाचपून सांगत. त्यापलीकडे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नव्हतं. कागद वेळेवर भरायचे, कचरा ठरल्या डब्यात टाकायचा, रविवारी भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. वरच्या मजल्यावरच्या फ्राउ ह्योल्शर आल्टनहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, राहायला गेल्या तेव्हा ही पट्टी त्यांनी बाबांच्या हातात दिली. चर्चच्या दुरुस्तीचं काम निघालं होतं तेव्हापासून ती त्यांच्याकडे सांभाळायला होती. मी येईपर्यंत आता तुम्ही सांभाळा, म्हणाल्या. त्या परत आल्या नाहीत, तिथेच वारल्या. बाबांनी पट्टी देव्हाऱ्यात ठेवली, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या शेजारी. अहो, त्यांचा देव आपल्यात कसा चालेल, असं आईने विचारलं, तर म्हणाले, "लेकरू घेऊन दारात आलेली बाई. तिला काय फडताळात ठेवू?"

आणि देव्हाऱ्यात आली म्हटल्यावर तिला पारोशी ठेवणं बाबांना जमणारं नव्हतं. रोज कोमट पाणी, सोमवारी दूध, धोतराच्या मऊ तुकड्याने पुसणं, मग गंध. संकष्टीला पितळी देवांना चिंच लावत, तेव्हा तिलाही. चिंचेने कशी लख्ख उजळते, हे त्यांनी देवश्रीला फोनवर कौतुकाने सांगितलं होतं. असं अकरा वर्षं चाललं. बाबांचे दिवस झाल्यावर आईने ते पुढे चालू ठेवलं.

मग तीन आठवड्यांपूर्वी चर्चचं पत्र आलं. फ्राउ ह्योल्शरांच्या कागदांत बाबांचं नाव सापडलं होतं. त्या दिवशी देवश्रीने हस्तिदंताविषयी वाचायला घेतलं. पाण्याने फुगतो, वाळताना तडकतो, आंबटाने झिजतो. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. पोलीस येतील. वर्तमानपत्रात छापून येईल. आईचा इथे राहण्याचा परवाना आउसलेंडरबेहोर्डमध्ये, परदेशी लोकांच्या कचेरीत, अडकेल. यातलं काहीच खरं नसणार, हे तिला समजत होतं आणि तरी रात्री उठून ती पुन्हा तेच वाचत बसायची. सगळ्यांत मोठी भीती ती कुणाला बोललीच नव्हती: आयुष्यात एकदाही नियम न मोडलेल्या माणसाची या देशात मागे राहणारी एकमेव नोंद ही असेल.

कपिलने, तिच्या नवऱ्याने, फ्रँकफर्टहून सकाळीच फोन करून बजावलं होतं. "हे बघ, ऐक. मिळाली तेव्हापासून अशीच होती म्हणायचं. पुढे एक अक्षर नाही. जे साक्ष देऊ शकले असते ते दोघंही नाहीत आता."

दहाच्या ठोक्याला बेल वाजली. फ्राउ लेन्त्स पन्नाशीच्या, बुटक्या, हसतमुख होत्या. त्यांनी बूट काढले, टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, हातमोजे चढवले आणि भिंग डोळ्याला लावलं. हसू हळूहळू मावळलं. ही उन्हात होती का, हीटरजवळ होती का, असं त्यांनी विचारलं.

आमच्याकडे आली तेव्हापासून अशीच आहे, देवश्री म्हणाली. जर्मन वाक्य अगदी निर्दोष उतरलं. आईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आईला जर्मन थोडं थोडं कळायचं.

फ्राउ लेन्त्सनी भिंग खाली ठेवलं. त्यांनी फाइलमधून एक फोटो काढून फडक्यावर ठेवला. चर्चच्या यादीतला, सत्त्याऐंशी सालचा. मेरीची मान किंचित कललेली, लेकराची बोटं तिच्या हनुवटीवर, ओठांच्या कोपऱ्यात खळी.

आई पुढे वाकली. "अगं बाई. ही हसत होती की," ती म्हणाली. "रोज बघणाऱ्याला कळलंच नाही गं."

देवश्री खुर्ची ओढून बसली. मग सगळं सांगून टाकलं. कोमट पाणी, दूध, धोतराचा तुकडा. चिंच हा शब्द जर्मनमध्ये आठवेना, तेव्हा आईने उठून डबाच आणून टेबलावर ठेवला. फ्राउ लेन्त्सनी चिंचेचा वास घेतला आणि डोळे मिटले.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज. ताप असला तरी."

चीर सांधता येणार नाही, चेहराही परत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. तक्रार होईल का, असं देवश्रीने विचारलं, तर म्हणाल्या, "ते चर्च ठरवेल. मला दिसेल ते मी लिहिते." आणि त्या लिहायला लागल्या. एका ओळीशी त्या थांबल्या.

"वडिलांचं नाव लिहायलाच हवं असं नाही. 'तात्पुरते सांभाळणारे' एवढं चालेल."

ते सोपं होतं. नाव नसलं तर शोधत कोण येणार? देवश्रीने आईकडे पाहिलं. आई फोटोतल्या हसण्यावरून नजर काढत नव्हती.

"लिहा," देवश्री म्हणाली आणि बाबांचं पूर्ण नाव तिने एकेक अक्षर करून सांगितलं.

फ्राउ लेन्त्सनी तपासायला कागद तिच्याकडे फिरवला. घडवणारा: अज्ञात. कोणासाठी घडवली: अज्ञात. झीज कशामुळे: दररोजचं स्नान, अकरा वर्षं. श्यामकांत विनायक बिडकर, बॉन.