बाबांचे दात

रविवारी आणलेली डझनभर लिंबं गुरुवारीच संपली, तेव्हा दर्शनाने सासूबाईंना विचारलं, "आई, रोज सरबत करताय का?"

कलावतीबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी बाथरूमच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. "मी नाही बाई. तुझे सासरे दात घासतायत त्याने."

दर्शना दातांची डॉक्टर. नौपाड्यात गेली नऊ वर्षं तिचा दवाखाना होता. दिवसाआड कोणी ना कोणी दातांवर लिंबू, मीठ, कोळसा असलं काहीतरी चोळून तिच्याकडे यायचं आणि ती घसा कोरडा होईपर्यंत सांगायची, की बाबांनो, हे करू नका. आता तेच प्रकरण वर्तकनगरला तिच्याच घरात चाललेलं.

दार उघडलं आणि श्रीपादराव बाहेर आले. हातातल्या वाटीत लिंबू आणि खायच्या सोड्याचा फेस, खिशात रंगाच्या दुकानातून आणलेलं शेडकार्ड. कंपनीत चौतीस वर्षं नकाशे काढलेला हा माणूस. मोजमाप घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. रोज सकाळी ते ते कार्ड आरशासमोर दाताला लावून बघत.

"तीन आठवड्यांत दोन शेड वर आलोय," ते म्हणाले. "आधी हळदीच्या जवळ होतो. आता सायीवर आलोय."

"बाबा, लिंबात ॲसिड असतं. दातावरचं कवच विरघळतं त्याने. एकदा गेलं की परत येत नाही ते."

"सोडा घालतो ना मी. सोड्याने ॲसिड मरतं. सत्तर लाख लोकांनी पाहिलाय तो व्हिडिओ."

"त्यातले निम्मे माझ्याकडे येतात नंतर!"

"मग तुझं चांगलंच आहे की," असं म्हणून ते वाटी विसळायला गेले.

दर्शनाने लिंबं आणणं बंद केलं. आठ दिवसांनी बेसिन काळंकुट्ट झालं. बाबांनी करवंट्या जाळून, कुटून, वस्त्रगाळ पूड केली होती. कलावतीबाईंनी बेसिन दोनदा घासलं आणि तिसऱ्यांदा ब्रश नवऱ्याच्या हातात दिला. दर्शनाने नवऱ्याला म्हटलं, "देवेश, तू सांग रे त्यांना." देवेश म्हणाला, "डॉक्टर तू आहेस. तुझं ऐकत नाहीत, तर माझं काय ऐकणार?" आणि तो बातम्या बघायला गेला. तिला त्या दोघांचंही डोकं कशावर तरी आपटावंसं वाटलं.

मग बाबांनी ताक सोडलं. जेवणानंतर वाटीभर गार ताक घेतल्याशिवाय न उठणारा माणूस 'आज नको' म्हणायला लागला. चहा कोमट करून, गालाच्या एका बाजूने प्यायला लागला. सोसायटीच्या कार्यक्रमात कुल्फीचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटून तसाच बसून राहिला.

"कळ गेली ना दातात?" दर्शनाने विचारलं.

"छे! आवडली नाही. गोड फार आहे."

सोमवारी संध्याकाळी दवाखान्यात गर्दी होती. काउंटरवरच्या रतनने आत डोकावून सांगितलं, "मॅडम, पुढचे तुमचे बाबाच आहेत. मी म्हटलं थेट आत जा, तर ऐकतच नाहीत. सव्वा तास नंबर लावून बसलेत."

श्रीपादराव आत आले, चप्पल दाराशी काढली आणि खुर्चीवर आडवे झाले. "नमस्कार डॉक्टर."

"हे काय बाबा? घरी का नाही सांगितलंत?"

"घरी सुनेचं ऐकायला जड जातं. इथे डॉक्टरचं ऐकतो. तुम्ही बघा."

तिने बघितलं. हिरड्या लालबुंद, दातांच्या मुळाशी खाचा, वरचं कवच पार झिजलेलं. हवेचा नुसता झोत मारला तर ते खुर्चीत उडालेच. एवढे दिवस दाबून ठेवलेला राग तिच्या तोंडाशी आला.

"बाबा, पांढरं असतं ते वरचं कवच. आतला थर पिवळाच असतो, सगळ्यांचा. वरचं झिजलं की आतलं दिसायला लागतं. म्हणजे तुम्ही जितकं घासाल तितके दात पिवळे दिसणार! कशासाठी चाललंय हे सगळं? सहासष्टाव्या वर्षी कुणाला दाखवायचेत पांढरे दात?"

श्रीपादरावांनी बाहेरच्या खोलीकडे हात केला. "त्या फोटोतल्यासारखे हवेत."

बाहेर भिंतीवर घरातल्या सगळ्यांचा हसरा, मोठा फोटो होता. दसऱ्याला दवाखान्याचं रंगकाम झालं तेव्हा तिने लावलेला.

"त्यात माझे दात पांढरेशुभ्र आहेत," ते म्हणाले. "म्हणजे ते माझे नव्हेतच. मला वाटलं, डॉक्टरच्या घरातला माणूस असा दिसतो म्हणून तुला कानकोंडं होत असेल. म्हणून मग मी इथे फिरकलोच नाही."

दर्शनाने हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला. स्टुडिओवाल्याला फोनवर आपण काय बोललो ते तिला लख्ख आठवलं. 'सासऱ्यांचे दात जरा उजळ करा हां.' एका वाक्याचं काम, एका मिनिटात विसरलेली गोष्ट. स्टुडिओवाल्याने आपल्या मनाने केलं असेल, असं सांगून सुटता आलं असतं. आतापर्यंत ती बाबांवर चिडत होती, देवेशवर चिडत होती, त्या व्हिडिओवाल्यावर चिडत होती. आता स्वतःचाच असा संताप आला की तिने तोंडावरचा मास्क ओढून काढला.

"मीच सांगितलं होतं, बाबा. मला तुमची लाज वगैरे वाटत नव्हती, पण सांगितलं मीच. चुकलं माझं."

"अगं, दिसतात छानच," ते पटकन म्हणाले. "म्हणून तर म्हटलं, करून टाकू तसे."

तिने खुर्ची सरळ केली आणि नीट समजावलं. आधी दीड महिना काहीच नाही. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट. शिवशिवणं थांबलं तरच पुढे. मग दातांची सफाई, चहाचे निम्मे डाग त्यातच जातात. नंतर त्यांच्या दातांच्या मापाचे साचे, त्यात सौम्य जेल, रोज थोडा वेळ, दोन आठवडे. सगळं तिच्या देखरेखीखाली.

"आणि ही पुढच्या दातावर बसवलेली जुनी कॅप? ती होईल पांढरी?"

"नाही. कॅपचा रंग बदलत नाही. शेवटी नवीन बसवू, बाकीच्या दातांशी जुळवून."

"आधीच पांढरी बसवली तर?"

"बाकीचे किती उजळतील ते आधी कसं कळणार?"

"अंदाजे धरायचं."

"दातांचं अंदाजे धरत नाहीत, बाबा!"

बाहेर चार पेशंट खोळंबले होते आणि बाबांनी पेन मागून सगळं क्रमवार लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शनाने लवकर जाऊन तो फोटो उतरवला.

तीन महिने लागले. दात पांढरेशुभ्र झाले नाहीत, पण स्वच्छ, हस्तिदंती झाले. नवी कॅप त्यांत बेमालूम मिसळून गेली. बाबा खूश झाले, ताक परत सुरू झालं, आणि ते रोज संध्याकाळी रिक्षाने दवाखान्यात यायला लागले. बाहेरच्या बाकावर बसून येईल त्या पेशंटला ओठ मागे ओढून दात दाखवायचे आणि लिंबाची हकिकत पहिल्यापासून सांगायची.

पहिले काही दिवस दर्शनाला बरं वाटलं. मग एका शुक्रवारी रतन तणतणत आत आली.

"मॅडम, साडेसहाच्या कमळाबाई गेल्या घरी."

"गेल्या? अगं, त्यांचं रूट कॅनल होतं आज!"

"बाबांनी सांगितलं त्यांना, आधी दीड महिना काहीच करायचं नाही. कागदावर लिहून पण दिलं."

दर्शनाने ग्लोव्ह्ज काढून डब्यात भिरकावले. "फोन लाव त्यांना. म्हणावं, असाल तिथून परत या." मग तिने दार उघडलं. बाकावर श्रीपादराव एका कॉलेजच्या मुलीकडे वळून बसले होते आणि मुलगी पेन काढत होती.

"बाबा!"

"एक मिनिट हं डॉक्टर," ते म्हणाले. "ह्यांना सांगत सांगत कोळशापर्यंत आलोय."