आग्रा रोडच्या अलीकडे

ओझरच्या विमान कारखान्यात फिटर असलेला सहादू भल्याभल्यांचं ऐकायचा नाही, पण त्याची एकुलती एक लेक विशाखा त्याला बोटावर नाचवायची. चौऱ्याऐंशी साली तिनं मैत्रिणीकडच्या परदेशी मासिकात चाकांच्या फळीवर उभी राहून पळणारी पोरं बघितली आणि हट्ट धरला. सहादूनं भंगारातून जुने रोलर स्केट आणले, चाकं सागाच्या फळीला बसवली. झालं! पण नाशिकमधल्या त्यांच्या कॉलनीचा रस्ता उताराचा, आणि उतार संपतो तिथं आग्रा रोड. ट्रक काय कुणासाठी थांबतात?

"पोरगी यावर चढली तर माझ्याशी गाठ आहे," त्याची बायको लताबाई म्हणाली.

"आधी मी थांबवून दाखवतो. मला जमलं तरच ती चढेल."

अडतिसाव्या वर्षी काय ही अवदसा! बरं, फिटरच तो, वेग म्हटला की त्याला ब्रेकच सुचणार. त्यानं पुढच्या चाकाला सायकलचा ब्रेक लावला, तार हातात धरली आणि रविवारी सकाळी निघाला. तार ओढताच फळी जागच्या जागी थांबली. सहादू मात्र थांबला नाही. कोपर सोलून निघालं आणि रस्त्याकडेच्या भिमाजीच्या दुकानावरची मंडळी पोट धरधरून हसली.

सहादू इरेला पेटला. ब्रेक काढून फेकला आणि पुन्हा वर गेला. या खेपेला फळी सरळ सुटली. दहा पावलं मजा वाटली, मग वेग आवरेना. खाली ट्रकचे भोंगे, आणि उडी मारावी तर पाय ऐकेनात.

"आडवं घ्या! अहो, आडवं!" लताबाई पदर खोचून मागून धावली. ती इगतपुरीकडची, लहानपणी डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन डोंगर उतरलेली. "सरळ उतरतं का कुणी? या कडेहून त्या कडेला जा!"

सहादूनं जीव मुठीत धरून अंग डावीकडे झुकवलं. फळी वळली, रस्ता आडवा कापत कडेला गेली, वेग जरा ओसरला. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. शेवटी फळीचं तोंड चढाकडे वळलं आणि ती आपसूक थांबली. आग्रा रोड अजून वीस पावलं लांब होता.

"हुश्श!" करून लताबाई मटकन खाली बसली आणि चक्क रडायला लागली. "मेले होते मी इथं!" सहादू मात्र हसत होता.

"आता मी," विशाखा म्हणाली.

सहादूच्या हातून फळी सुटेना. लताबाईनंच डोळे पुसले. "द्या. शब्द दिलाय तुम्ही." आणि स्वतः जाऊन खाली आग्रा रोडच्या तोंडाशी हात पसरून उभी राहिली.

पोरगी वरून निघाली. या कडेहून त्या कडेला, त्या कडेहून या कडेला, आईपासून चांगली तीस पावलं अलीकडेच थांबली.

"बाबा, थांबले की हो!"

सहादू तिच्याकडे धावला. मघाशी आपण वाचलो म्हणून तो उगाच हसला होता. खरा जीव तर आत्ता भांड्यात पडला.