पाच घंटा आणि एक डबी

तारवाल्यांनी ती डबी हातात घेतली, उलटी केली, कानाशी नेऊन हलवली आणि टेबलावर ठेवून दिली.

"ही? ही साबणाची वडी घरभर फोन चालवणार?"

"साबण नाही बाबा, अडॅप्टर," लेक म्हणाली. "इंटरनेटवरून फोन येतो. याला एक फोन जोडायचा, झालं."

"एकच?"

"मग? हल्ली पाच-पाच फोन असतात का कुणाकडे?"

कुणाकडे म्हणजे? यांच्याकडे असतात! चौतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात गेलेला माणूस. लोकांनी 'तारवाले' नाव ठेवलं ते पार बायकोच्या माहेरापर्यंत पोचलं. घरातल्या सगळ्या तारा त्यांनी स्वतःच्या हाताने ओढलेल्या. दिवाणखान्यात फोन, स्वयंपाकघरात फोन, वरच्या खोलीत फोन, कामाच्या खोलीत फोन. आणि याच आठवड्यात बायकोच्या पलंगाशी पाचवा. पाचही जुने, पोटात खरी घंटा असलेले. कंपनीचं 'तारेची लाइन बंद करत आहोत' असं पत्र आलं, तेव्हा दोन दिवस ते धड जेवले नव्हते.

पाचवा फोन हौसेचा नव्हता हं. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिचा पलंग खाली, मागच्या खोलीत आणला होता. दर रविवारी चारला तिच्या थोरल्या बहिणीचा फोन यायचा. ताईंचा खाक्या असा, की सहा घंटा वाजू द्यायच्या. सातवीला फोन ठेवायचा आणि रुसून बसायचं. रुसल्यावर तुम्ही शंभरदा फोन करा, उचलतील तर शपथ! मोबाइल त्यांनी एकदाच कानाला लावला होता आणि "यात तू नाहीसच," म्हणून परत दिला होता.

गेल्या रविवारी बायको काठी टेकत दिवाणखान्यापर्यंत पोचली, रिसीव्हरला हात घातला आणि फोन बंद झाला. ती तिथेच खुर्चीत बसून रडली. "आज पण चुकला तर ताई माझं नाव टाकेल," सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. "काही चुकत नाही," असं तारवाले तोंडाने म्हणत होते. नजर मात्र घड्याळावर होती. घरचा नंबर सकाळीच इंटरनेटवर गेला होता, डबी जोडेपर्यंत घरात फोन येणार नव्हता, आणि आता अडीच वाजले होते.

"आधी बाहेरून येणारी तार सोडवायची," लेक कागदावर बोट ठेवून म्हणाली. "त्यात अजून करंट आहे. तो उलटा आत आला तर डबी जळेल."

"तू मला शिकव! बापाला खांब दाखव!"

फाटकाशेजारच्या भिंतीवरची पेटी त्यांनी उघडली. आता टेलिफोन खात्याचा जुना नियम असा, की कुणाचीही तार सोडवण्याआधी त्याच तारेवरून एक्स्चेंजला कळवायचं. तारवाल्यांनी तपासायचा फोन चिमट्याने तारेला लावला. पलीकडे माणूस कुठला असायला? नुसती घुंघुं. तरी हे ताठ उभे राहिले, आपला नंबर सांगितला आणि म्हणाले, "लाइन उतरवतोय साहेब. नोंद घ्या."

लेक मागे तोंडावर हात धरून हसत होती. त्यांनी दोन स्क्रू ढिले केले, तारा बाहेर काढल्या आणि टोकांना चिकटपट्टी गुंडाळली.

"वाईट वाटतंय गं," ते म्हणाले.

"वाटणारच, बाबा," ती म्हणाली, आणि हसायची थांबली.

डबी वरच्या खोलीत राउटरशेजारी बसली. तिची वायर त्यांनी भिंतीतल्या जुन्या सॉकेटमध्ये खुपसली आणि जिना उतरून एकेक रिसीव्हर उचलत सुटले. स्वयंपाकघर, टोन आहे! दिवाणखाना, आहे! "अगं, सगळ्या घरात आला!" ते ओरडले. एका डबीने भिंतीतल्या सगळ्या तारा जाग्या केल्या होत्या. स्वारी भलतीच खूश झाली.

मग लेकीने मोबाइलवरून फोन लावला. पाचही फोन एकदम खोकले. कुर्र... आणि गप्प.

"अहो, वाजला का?" मागच्या खोलीतून बायकोने विचारलं. म्हणजे बघा!

तारवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला. जुन्या घंटा हलवायला विजेचा जोर लागतो. एक्स्चेंजकडे तो मुबलक होता, डबीला कुठून आणणार? चौतीस वर्षांच्या माणसाला हे आधी सुचू नये! पण या घरात घंटा कमी करायचा विचार कधी कुणाच्या मनात आलाच नव्हता. सव्वातीन वाजले होते. त्यांनी स्वयंपाकघरातला फोन उघडून घंटेची तार सोडवली. मग दिवाणखान्यातला. मग वरचा. बोलणं-ऐकणं शाबूत, फक्त घंटा मुकी. उरले दोन, तरी पलंगाशेजारची घंटा आजाऱ्यासारखीच कण्हत होती.

दुसरा म्हणजे कामाच्या खोलीतला काळा फोन. भंगारातून आणून त्यांनी महिनाभर खपून उभा केलेला. त्याची जाडजूड घंटाच सगळा जोर खात होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला.

पुन्हा फोन लावला, तेव्हा मागची खोली दणाणली. "अहो, पुरे! कान गेले माझे!" बायको म्हणाली, आणि तारवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

चारला ते कामाच्या खोलीत दार लावून बसले. समोर मुका फोन, आणि पलंगाशेजारची घंटा बंद दारातून इथवर पोचत नाही. ताईंचा फोन आला का, कळायला मार्ग नाही, आणि बायकोच्या उशाशी जाऊन बसायचा धीर नाही. चार वाजून एक मिनिट झालं आणि राहवेना. त्यांनी अलगद रिसीव्हर उचलला.

"...पहिल्याच घंटेला उचललास की गं!" ताईंचा आवाज.

"फक्त माझ्याच खोलीत वाजतो आता. बाकीच्यांच्या घंटा काढल्या त्यांनी."

"काळ्याचीसुद्धा?"

"काळ्याचीसुद्धा."

मग ताई म्हणाल्या, "तारवाले, ऐकताय ना? इतकी वर्षं गुपचूप ऐकता, मला काय कळत नाही? आज बोला."

चोरी पकडली गेली होती. त्यांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"आवाज नीट येतोय ना?" त्यांनी विचारलं.

"येतोय," दोघी बहिणी एकदम म्हणाल्या.