पोलादी पट्टीचा मान

त्या घरात सकाळचा पहिला कप कोणापुढे जातो, त्यावरून आदल्या दिवशी छपाईखान्यात मार कोणाला बसला ते ओळखता येई. फोरमन स्वतःच्या हाताने धाकट्या भावापुढे चहा सरकवत. माफी मागायची त्यांची तेवढीच रीत. त्या सकाळी तर त्यांनी स्वतःच्या कपातलाही निम्मा ओतून दिला.

"काका, गाल किती सुजलाय," लेक म्हणाली.

"दाढ दुखतेय गं."

"दाढेचा वळ बाहेर उठतो होय?" ओट्यापाशी उभी असलेली आई पुटपुटली.

"मी मार खाल्ला नाही का?" फोरमननी वाकडी करंगळी नाचवली. "माझ्या फोरमनने मोडली ही. म्हणून हाताला वळण लागलं! कामगाराला मारलं नाही, तर तो डोक्यावर मिरे वाटतो."

काकांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी "हात जाईल, दादा" म्हणत यंत्रावरची चिकटपट्टी काढली होती. कागद कापायचं नवं यंत्र दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय पातं सोडत नसे. म्हणजे हात आपोआप पात्याबाहेर राहत. तीस वर्षं जुन्या यंत्रावर राज्य केलेल्या फोरमनना हा अपमान वाटे. त्यांनी एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून टाकलं आणि मोकळ्या हाताने ते कागद सारखे करू लागले. नव्या पडद्यावरचे आकडे मात्र त्यांना कळत नसत. ते विचारायची लाज वाटे, मारायची वाटत नसे.

नवं यंत्र शिकून आलेली होती ती लेक. मालकांनी सोमवारपासून फोरमनकी तिला द्यायचं ठरवलं होतं. फोरमनची खूण म्हणजे दोन फुटी पोलादी पट्टी, एका फोरमनकडून दुसऱ्याकडे आलेली. नव्या फोरमनने पहिल्या दिवशी जो पहिला चुकेल त्याला ती सर्वांसमोर मारायची. त्याला 'पट्टी उघडणं' म्हणत, आणि मार खाणाराही वर हसून अभिनंदन करी. केवढी ही शिस्त!

त्या दिवशी दुपारी फोरमन चिकटपट्टी पुन्हा लावून यंत्रापाशी उभे राहिले. डोळे पडद्यावर, उजवा हात कागदाच्या थप्पीवर, पात्याखाली. डावा हात सवयीने बटणाकडे निघाला. लेकीची तिकडे पाठ होती. बाइंडरने पाहिलं. काकांनी पाहिलं, त्यांचं तोंड उघडलं, गाल ठणकला, तोंड मिटलं.

पातं उतरलं. कोरे कागद लाल झाले. यंत्राने मात्र काप अगदी सरळ घेतला होता: तीन बोटं एका रेषेत.

दवाखान्यात शुद्ध आल्यावर फोरमननी पहिला प्रश्न विचारला, "सगळे बघत होतात. एकाच्याही तोंडाला शब्द फुटला नाही?" आणि उरलेल्या हाताने स्टीलचा तांब्या भिरकावला. तो काकांच्या कपाळावर बसला.

काकांनी डोळ्यात उतरलेलं रक्त बाहीने पुसलं. "काल फुटला होता दादा," ते म्हणाले.

फोरमननी लेकीकडे पाहिलं. "सोमवारी पट्टी याच्यावरच उघड."

"मी कोणाला मारणार नाही, बाबा," ती म्हणाली. बोलायला काय जातं!

सोमवारी औषधांच्या वेष्टनांचं काम दुपारच्या आत जायचं होतं. मालक घड्याळ बघत शेजारी उभे. "ताई, हात चालू द्या. तुमच्या वडिलांच्या वेळी एव्हाना निम्मं झालं असतं." एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा लेकीने पुठ्ठ्याचा तुकडा दुमडला आणि एका बटणाच्या फटीत खोचला. फक्त आजच्यापुरता.

"पुठ्ठा काढ!" काका मागून ओरडले.

छपाईखाना थांबला. मालक हसले. "पहिल्याच दिवशी? घरचाच माणूस?"

तिला कानापर्यंत झोंबलं. तिच्या हातात पट्टी कशी आली ते तिलाही कळलं नाही. काकांनी तीस वर्षांच्या सवयीने तळवे पुढे केले, आणि तिने मारलं. धारेने मारलं. कातडी फाटली.

"पुठ्ठा काढ," काका म्हणाले.

तिने पुन्हा मारलं.

"मार हवं तर, पोरी. पण आधी पुठ्ठा काढ."

तिसऱ्यांदा वर गेलेला हात वरच राहिला. कारण समोर काकांचे दोनच तळवे नव्हते. बाइंडरने काही न करताच हात पुढे केले होते. शाईवाल्यानेही. सगळ्यांच्या माना खाली होत्या. आता यंत्र तिच्या हातावर उतरलं असतं, तर यांतल्या एकालाही ते दिसलं नसतं.

तिने पुठ्ठा काढला. काम उशिरा गेलं. मालक खूप बोलले.

दुसऱ्या सकाळी तिने चहाचा पहिला कप उचलला आणि काकांपुढे सरकवला. काकांनी पट्टी बांधलेल्या हाताने तो परत सारला.

"हा कप मी तीस वर्षं प्यालोय," ते म्हणाले. "मारलंस चारचौघांत. इथे नको. तिथे बोल."

आतल्या खोलीतून फोरमन ओरडले, "माफी मागितलीस तर तुला कुत्रं विचारणार नाही!"

ती यंत्रापाशी उभी राहिली, सगळ्यांसमोर. आवाज चिरकला. "चूक माझी होती. मार काकांना बसला. मी पुन्हा चुकले तर ओरडा."

तिने पडद्यावर माप घातलं, दोन्ही बटणांवर हात ठेवले.

"ताई," बाइंडर खाकरला. त्याने डोळे घट्ट मिटले होते. "माप चुकलंय वाटतं."

तिने बटणांवरून हात काढले, भिंतीवरची पोलादी पट्टी काढली आणि त्याच्याकडे गेली. त्याचे तळवे आपोआप पुढे आले. तिने पट्टी त्यांवर आडवी ठेवली.

"मोजून दाखवा," ती म्हणाली.