एकोणपन्नास तास

आईचा लॅपटॉप सुरू व्हायला चार मिनिटं दहा सेकंद लागायची. बटण दाबल्यापासून रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडेपर्यंतचा वेळ मी मोबाइलवर तीनदा मोजून सरासरी काढलेली. तेवढ्यात आई चहा टाकायची, प्यायची, कप विसळून यायची आणि तरीही पडद्यावर ते निळं वर्तुळ फिरत असायचं.

"हा माझ्याहून म्हातारा झाला गं," ती म्हणायची. लॅपटॉप सात वर्षांचा होता, सगळ्यात स्वस्तातला, मी बी.एस्सी.ला असताना घेतलेला. एम.एस्सी. होऊन मी अंबरनाथच्या एका औषध कंपनीत लॅबला लागले तेव्हा तो आईकडे गेला.

आई बालवाडीची शिक्षिका. निवृत्त झाल्यावर ती डोंबिवलीतल्या एका संस्थेसाठी अंध मुलांची पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागली. वर्तकनगरच्या आमच्या घरात आतली खोली हाच तिचा स्टुडिओ. पंखा बंद, खिडकीवर दुहेरी चादर, आणि कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी, कारण टांगलेल्या कपड्यांत आवाज मुरतो आणि खोली घुमत नाही. हे मी तिला सांगितलेलं. पप्पांना त्या वेळात बाहेरच्या खोलीत गप्प बसायचा हुकूम असे. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला गप्प बसणं किती जमणार?

चूक झाली की टाळी वाजवायची, हेही मीच शिकवलं. वाचताना अडखळलं, खोकला आला, कुणी हाक मारली, की रेकॉर्डिंग बंद करायचं नाही. जे बोलायचं ते बोलून घ्यायचं, मग एक टाळी वाजवायची आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचायचं. आवाजाच्या आलेखात टाळी उंच, बारीक सुळक्यासारखी दिसते. नंतर मी सुळका शोधायचे, त्याच्या आधीचं चुकलेलं निवडायचे आणि कापायचे.

सुरुवातीला मी सगळं ऐकून कापायचे. मग लक्षात आलं की ऐकायची गरजच नाही. वाक्याचा शेवट कुठे, चूक कुठे सुरू होते, टाळी कुठे, हे सगळं आलेखात दिसतं. आवाज बंद ठेवून नुसत्या डोळ्यांनी कापलं तर तासाभराचं रेकॉर्डिंग बारा मिनिटांत होतं. शेवटी फक्त सांधा ऐकायचा, एक सेकंद अलीकडचा, एक सेकंद पलीकडचा. या पद्धतीचा मला अभिमान होता. लॅबमधल्या मैत्रिणींनाही मी ती सांगितलेली.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये लॅपटॉप रेकॉर्डिंगच्या मध्येच अडकायला लागला. शिवाय आत फिरणाऱ्या हार्ड डिस्कची बारीक कुरकुर माइक टिपायचा. मी सगळं तपासलं. मेमरी कमी होती, पण खरी अडचण डिस्कचीच. तिच्या जागी एसएसडी टाकली तर फिरणारं काही उरणारच नव्हतं. वेग वाढेल आणि कुरकुर जाईल.

कोपरीला स्टेशनजवळ महेंद्र म्हणून एकाचं दुकान आहे, तिथून दोनशे छप्पन्न जीबीची घेतली. जुनी डिस्क एक हजार जीबीची होती. तिच्यावर दोनशे चाळीस जीबी तर आईची कच्ची रेकॉर्डिंगं होती. कापून तयार झालेले धडे जेमतेम चार जीबी.

"आई, कच्च्या फाइल्स नव्या डिस्कवर मावणार नाहीत. काय करू?"

ती मेथी निवडत होती. "कच्च्या म्हणजे?"

"न कापलेल्या. तुझ्या चुका, टाळ्या, पप्पांवर ओरडणं."

"अगं मग टाक ना. चुका काय कुणी जपून ठेवतं?"

मी लॅबमध्ये काम करते. तिथे पहिल्या दिवशी शिकवतात की मूळ नोंद कधी टाकायची नाही, चुकली असली तरी. त्यावर एक रेघ मारायची, सही करायची, पण खालचं वाचता आलं पाहिजे. हे मला माहीत होतं. मी फाइल्सची यादी तेवढी ठेवली. नाव, तारीख, किती मिनिटं. मग दहा स्क्रू काढले, डिस्क बदलली आणि सगळं नव्याने टाकलं. जुनी डिस्क महेंद्रला द्यायची होती. तिच्यावर आईच्या बँकेचे कागदही होते, म्हणून नुसतं फॉरमॅट न करता मी तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शून्यं लिहिली, म्हणजे जुनं काहीच परत काढता येत नाही. तीन तास लागले.

लॅपटॉप चौदा सेकंदांत उघडला. आई त्याच्यासमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली.

"हे काय! आता मी चहा कधी प्यायचा?"

पप्पा बाहेरून म्हणाले, "आता तो तुझी वाट बघेल. इतकी वर्षं तू बघितलीस."

"तुम्ही गप्प बसा हो. रेकॉर्डिंग चालू व्हायचंय."

आठ महिन्यांनी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, आई ओट्याशी उभी असतानाच खाली बसली आणि उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिचं वय बासष्ट.

चौथ्या दिवशी पप्पा माझ्याजवळ येऊन बसले. "अमृता, तिचं लाव ना काहीतरी."

मी नववीचा भूगोल लावला. शांत, स्वच्छ, एका लयीतला आवाज. पप्पांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि हात हलवला.

"हे नको. ही मुलांची माया मॅडम आहे. मला आपली लाव. ते चुकल्यावर बोलायची ना मध्ये, ते."

मी भूगोल बंद केला.

"पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लावू या. सगळे येतील. भाषणं करतील, थोर होती, त्यागी होती. त्यांना ऐकू दे ती माझ्यावर कशी ओरडायची." ते हसले. चार दिवसांत पहिल्यांदा. "असेल ना तुझ्याकडे?"

"शोधते," मी म्हटलं.

दुसरं काही सापडेल म्हणून मी खरंच शोधलं. डिस्क बदलल्यानंतरचं कच्चं रेकॉर्डिंगही नव्हतं, जागा कमी म्हणून धडा कापून झाला की मी ते लगेच उडवायचे. आई कधी व्हॉइस मेसेज पाठवायची नाही. बोलणं म्हणजे तिचं काम होतं, म्हणून निरोप ती टाइप करायची, तेही पूर्णविरामासकट. घरातले व्हिडिओ तिनेच काढलेले, त्यामुळे त्यांत आम्ही सगळे होतो. एका हळदीच्या व्हिडिओत ती दिसते, तोंड हलताना दिसतं, पण वर डीजे चालू आहे. तो मी अकरा वेळा पाहिला. काय बोलतेय ते कळत नाही.

मग कोपरीला गेले. काही निघणार नाही हे मला माहीत होतं, तरी गेले. महेंद्रने आधी खुर्ची दिली, आईचं ऐकून वाईट वाटल्याचं म्हणाला, मग विचारलं, "फॉरमॅट मारलेलं ना फक्त? काढून देतो. लोकांचं काढतो मी रोज."

"नाही. झीरो फिल केलेलं. पूर्ण."

"मॅडम, एवढं कुणी करत नाही हो. साधं फॉरमॅट मारलं असतं तर नव्वद टक्के आलं असतं."

"डिस्क कुठे आहे?"

"ती? ती सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या डब्यात बसवून दिली मी. कल्याणला एक मेडिकल आहे, त्याला. आता तिच्यावर त्याच्या दुकानाचं दार रेकॉर्ड होतं, चोवीस तास."

परत आले तेव्हा पप्पा पांढरा शर्ट इस्त्री करत होते. मी दारातच उभी राहून सांगितलं. जागा पुरत नव्हती, आईला विचारलेलं, आईच टाक म्हणाली, सगळं त्याच क्रमाने. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी स्वतःचा बचाव अहवालासारखा मांडतेय, म्हणून थांबले.

पप्पांनी इस्त्री उभी केली. "किती होतं?"

"दोनशे चाळीस जीबी."

"तासांत सांग."

यादी होतीच. "एकशे नव्वद तास रेकॉर्डिंग. त्यातून तयार झालं एकशे एकेचाळीस. म्हणजे कापलं ते..."

"एकोणपन्नास." त्यांनी शर्टाची बाही नीट केली. "दोन दिवस आणि एक तास."

"त्यात सगळं बोलणंच नाही, पप्पा. शांतता आहे. परत परत वाचलेली वाक्यं आहेत. कुकरच्या शिट्ट्या आहेत."

"असू दे की," ते म्हणाले. "शिट्टी झाल्यावर ती काय म्हणायची?"

पुण्यानुमोदन रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. बुद्धवंदना झाली, फोटोपुढे सगळ्यांनी फुलं वाहिली, भाषणं झाली. आईच्या आवाजाबद्दल पप्पा कुणाला काही बोलले नाहीत. जेवणं सुरू झाल्यावर पांढरी काठी घेतलेला एक तरुण आला. नाव सलिल. शहाडहून एकटा आलेला, रिक्षावाल्याने दुसऱ्याच गल्लीत उतरवलं म्हणून उशीर झालेला. आईच्या आवाजावर दहावी-बारावी केलेली, आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होता.

पप्पांनी त्याला स्वतःच्या शेजारी बसवलं आणि स्वतः वाढलं. "ही अमृता, मुलगी. रेकॉर्डिंग हीच साफ करायची."

"म्हणजे कट मारणाऱ्या ताई तुम्हीच?" सलिल हसला. "आम्ही हॉस्टेलला पैज लावायचो. या धड्यात मॅडम कितीदा चुकल्या. हरला तो सगळ्यांची ताटं धुवायचा."

"कळायचं तुम्हाला?" मी विचारलं. सांधे मी तपासलेले होते. एकही ऐकू येत नाही अशी माझी खात्री होती.

"ताई, राग मानू नका, पण सगळे कळायचे. नद्यांच्या धड्यात सतरा आहेत."

त्याने ताट बाजूला सरकवलं, बोटं पुसली आणि मोबाइलवर धडा लावला. आई वाचत होती: नदी समुद्राला मिळते तिथे तिचा वेग कमी होतो, आणि तिने वाहून आणलेला गाळ...

सलिलने थांबवलं. "हा पहिला. मॅडमनी श्वास घेतला, पण सोडला नाही. आणि मागे लांब कावळा ओरडतोय बघा, तो अर्ध्यातच तुटतो."

परत लावलं. मी डोळे मिटले. कावळा खरंच तुटत होता. इतक्या वर्षांत मी तो कावळाच ऐकला नव्हता.

पप्पा पुढे झुकले. खालच्या आवाजात, जणू आत रेकॉर्डिंग चालू आहे अशा आवाजात त्यांनी विचारलं, "इथे काय बोललेली ती?"

सलिल म्हणाला, "ते तर ताईंनाच माहीत. त्यांनीच ऐकलंय ना सगळं."

दोघांनीही माझ्याकडे तोंड वळवलं. फाइल्स गेल्याचं पप्पांना सांगून झालं होतं. पण त्यांची अजून एक समजूत होती, आणि ती मला आत्ता दिसली. फाइल्स गेल्या तरी निदान मी ते ऐकलेलं आहे, माझ्या डोक्यात कुठेतरी ते असेल, हळूहळू विचारून काढता येईल, असं त्यांना वाटत होतं. आठवडाभर ते माझ्यावर चिडले नव्हते ते म्हणूनच.

"मी नाही ऐकलं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"आवाज बंद ठेवून कापायचे, पप्पा. नुसतं बघून. लवकर व्हायचं."

हॉलमध्ये कुणीतरी ताटं गोळा करत होतं. पप्पा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी साधी बेरीज चुकलेली दिसावी आणि कुठे चुकली ते कळू नये, तसे ते बघत होते.

"एकदाही नाही?"

"सुरुवातीचे काही ऐकलेत. हा धडा नाही."

सलिलला काय झालं ते नीट कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय हे कळलं होतं. त्याने मोबाइल हातात धरला. "बंद करू का, काका?"

"नको." पप्पांनी खुर्ची त्याच्या जवळ ओढली. "मागे घे जरा. कावळ्याच्या आधी."

सलिलने मागे घेतलं. आई परत गाळापाशी आली, श्वास घेतला.

"इथे मी आत गेलो असेन," पप्पा म्हणाले. "चष्मा मागायला. चष्मा कपाटात असायचा माझा." मग स्वतःच म्हणाले, "नाही. चष्मा तर... हे कधीचं आहे, अमृता?"

"चार वर्षांपूर्वीचं. ऑगस्ट."

"मग नाही. तेव्हा मी नोकरीत होतो. दिवसा घरी नव्हतो मी." त्यांनी मान हलवली. "कुणाशी बोलली असेल मग?"

मला ते माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी कोण होतं, दाराची बेल वाजली की फोन आला, की ती नुसतीच स्वतःशी काही बोलली, ते सांगू शकेल असं आता कुठेच काही उरलं नव्हतं.

"पुढचा लाव," पप्पा म्हणाले.